सासूबाईंचा पहारा

आमच्या सासूबाईंचा कुणावर विश्वास नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. कुणाचे केस कुरळे असतात, कुणाला उन्हात शिंका येतात, तसं हे. नळ दुरुस्त करायला माणूस आला तर त्या त्याच्या पाठीशी उभ्या राहतात, आणि तो गेल्यावर नळ जागेवर आहे ना ते बघून येतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की औषधाच्या दुकानात विचारतात, दुकानदारानं सांगितलं की शेजारणीला विचारतात, आणि शेजारणीवर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

यात त्यांची चूक नाही, नोकरीची आहे. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात त्या ट्रायल रूमच्या तोंडाशी बसायच्या. उभं आयुष्य त्यांनी एका स्टुलावर बसून काढलं. आत जाणाऱ्या बाईच्या हातात किती कपडे आहेत ते मोजायचं, तेवढ्या आकड्याचा प्लॅस्टिकचा बिल्ला तिच्या हातात द्यायचा, आणि ती बाहेर आली की बिल्ला घेऊन कपडे पुन्हा मोजायचे. खोल्यांची दारं खालून वीतभर उघडी असायची. त्या फटीतून सासूबाईंना फक्त पाय दिसायचे, आणि पाय त्यांना पुरायचे. त्या म्हणतात, खरंच कपडे घालून बघणारी बाई एका पायावर उभी राहते, लंगडते, भिंतीला धडकते. जिचे पाय हलत नाहीत ती आत काहीतरी वेगळं करतेय. बहुतेक वेळा नव्या कपड्यावरची किमतीची चिठ्ठी कापतेय.

एकदा त्यांनी एका पोटुशा बाईला अडवलं होतं. पोट जरा जास्तच गोल वाटलं म्हणून. पोट खरं निघालं. सासूबाई शरमेनं अर्ध्या झाल्या, पण दुसऱ्या दिवशी आलेल्या पोटुशीलाही त्यांनी आपादमस्तक न्याहाळलंच. मला विचाराल तर मला हे आवडतं. माणसानं आपल्या स्वभावाला धरून राहावं.

ठमीच्या बाबतीत तर त्या डोळ्यांत तेल घालून असतात. ठमी म्हणजे आमची मुलगी, पाच महिन्यांची. मी तिला माझ्या आईकडून परत आणली की सासूबाई तिला मांडीवर घेऊन बोटं, कान, मोजे, सगळं बघून घेतात. एकदा मी चिडून म्हटलं, “आई, काही कमी भरलं का?”

“तुझ्यावर संशय नाही गं,” त्या म्हणाल्या. “हाताला सवय आहे.”

आणि या सगळ्याला एकच अपवाद. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा नवरोबा. लहानपणी नापास झाला तेव्हा यानं ‘निकाल अजून लागायचाय’ म्हणून आख्खी सुट्टी काढली. आणि ज्या बाई अंगात दोन झगे चढवून निघालेलीला नुसत्या चालीवरून पकडायच्या, त्या सुट्टीभर निकालाची वाट बघत बसल्या. अजूनही तो म्हणेल ते खरं. तो भर दुपारी ‘बाहेर अंधार पडलाय’ म्हणाला तर त्या दिवा लावतील.

तर या नवरोबाला समुद्रापलीकडे नोकरी लागली. पगार चांगला, घर दोन खोल्यांचं, आणि कागदपत्रं आम्हा तिघांचीच. सासूबाईंची नाहीत. ठमी जन्मल्यापासून त्यांच्या खांद्यावर झोपते, माझ्याकडे नुसती दूध प्यायला येते म्हणा ना. आता त्यांना सांगायचं होतं की दोन महिन्यांनी आम्ही ठमीला घेऊन जातोय आणि तुम्ही इथेच राहायचंय. आणि ते सांगायचं या माणसाच्या जिभेवर येईना. रोज रात्री म्हणायचा, उद्या सांगतो. उद्या झाली की तोंडात मूग.

शेवटी यानं साखरपेरणीचा बेत काढला. थीम पार्कला जाऊ, म्हणाला, दोन दिवस तिथेच हॉटेलात राहू. आई आनंदात असेल तेव्हा सांगून टाकू.

“पाच महिन्यांच्या पोरीला थीम पार्कात काय कळणार?” मी विचारलं.

“ठमी नुसती निमित्ताला,” म्हणाला. मी त्याला एकच अट घातली. घरी परतायच्या आत तू सांगायचंस, तू स्वतः. मी सांगितलं तर जन्मभर ‘सुनेनं मुलगा आणि नात तोडली’ हे माझ्या कपाळी लागेल, आणि ते मला नको होतं.

सासूबाईंच्या मनात लगेच पाल चुकचुकली. “तिथे कशाला?”

“ठमीसाठी,” नवरा म्हणाला.

“ठमीला अजून स्वतःचा पाय स्वतःचा आहे हे माहीत नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलाकडे नाही, माझ्याकडे. “मला राखणीला नेताय. तुम्ही दोघं पाळण्यांत बसणार, मी पोर धरून उभी.”

“हो आई, तसंच आहे जरा,” नवरा इतक्या पटकन म्हणाला की मलाच लाज वाटली. छोटी लबाडी कबूल केली की मोठी खपून जाते असं त्याला वाटलं असावं. सासूबाईंनी मान हलवली. त्यांच्या मुलानं सांगितलं होतं ना, मग झालं.

पार्कच्या दारात पहारेकरी पिशव्या तपासत होता. सासूबाईंची पिशवी त्यानं बघितली, बंद करून परत दिली. त्यांनी ती तिथेच उघडली आणि आत हात घालून सगळं चाचपायला लागल्या.

“आजी, मी काही घेतलं नाही,” तो म्हणाला.

“घेतलंत असं कुठे म्हटलं? काही ठेवलंत का ते बघतेय.”

मागची रांग खोळंबली, पण पिशवी शेवटपर्यंत तपासली गेली. आत शिरताच आणखी एक प्रकार. मोठ्या पाळण्यांजवळ बाबागाड्या ठेवायला कुंपण घातलेली जागा होती. लोक त्यात आपापल्या गाड्या, दुपटी, बाटल्या सोडून खुशाल निघून जात होते. सासूबाई बघतच राहिल्या. “एवढ्या गाड्या, राखायला एक माणूस नाही, आणि हे हसत हसत निघालेत. यांची डोकी ठिकाणावर आहेत का?”

त्यांनी कुंपणातला एक बाक पकडला, आमच्या बाबागाडीची चाकं आणि पट्टा चाचपला, ठमीला मांडीवर घेतलं आणि आम्हाला म्हणाल्या, “जा तुम्ही. मी आहे इथे.”

आम्ही रोलर कोस्टरवरून उतरून आलो तोवर सासूबाईंकडे त्या रांगेतल्या सगळ्या गाड्यांचा कारभार आला होता. एका बापानं विचारलं होतं, जरा लक्ष ठेवाल का, मग दुसऱ्यानं, मग कुणी विचारायचंही सोडलं. आणि गाडी परत न्यायला येणाऱ्याला त्या सहजी सोडत नव्हत्या. एक उंच धिप्पाड माणूस त्यांच्यासमोर शाळकरी मुलासारखा उभा होता.

“कुठली तुमची?”

“ती करडी.”

“करड्या पुष्कळ आहेत. आत काय आहे?”

“दुपटं. आणि... बायकोला विचारून सांगतो.”

“विचारून या,” म्हणाल्या. तो खरंच गेला विचारायला.

नवरा माझ्या कानात पुटपुटला, “आई खुशीत आहे. आता सांगतो.” तो दोन पावलं पुढे गेला, सासूबाईंनी वर बघितलं, आणि हा म्हणाला, “आई, भूक लागलीय.” मी कपाळाला हात लावला.

मग जेवण झालं, होडीचा पाळणा झाला, तरी तेच. प्रत्येक वेळी पाळण्यातून उतरताना हा शूर असायचा आणि आईचं तोंड दिसलं की ढेपाळायचा. मधल्या वेळात सासूबाई सगळ्या पार्कावर संशय घेऊन चुकल्या होत्या. अस्वलाचा वेष घातलेला एक माणूस मुलांना जवळ घेऊन फोटो काढत होता. तो हात पसरून ठमीकडे आला तशा सासूबाई आडव्या झाल्या.

“आत कोण आहे?”

अस्वलानं मान डोलावली. वेषात असताना त्यांना बोलायची मनाई असते म्हणे.

“बाई की बाप्या?”

अस्वलानं पुन्हा मान डोलावली.

“ज्याला नाव सांगता येत नाही त्याच्या हातात मी मूल देत नाही,” म्हणाल्या. अस्वल बिचारं पोट हलवत दुसरीकडे गेलं. मी हसले, पण मला आतून कसंतरीच होत होतं. एवढी चौकस बाई, आणि तिच्या समोर आम्ही दोघं सकाळपासून गोडगोड बोलत होतो. अस्वलापेक्षा आम्हीच जास्त वेष घातलेले होतो.

दुपार उतरायला लागली तसा माझा धीर सुटला. सासूबाई झाडाच्या सावलीत बाकावर ठमीला थोपटत होत्या. मी बाटली उचलली. “आई, आम्ही दुधासाठी गरम पाणी घेऊन येतो,” म्हटलं आणि नवऱ्याला दंडाला धरून बाळांच्या खोलीत नेलं. तिथे दूध पाजायला, कपडे बदलायला छोटे छोटे कप्पे होते. एका कप्प्यात त्याला ढकललं आणि दार लावलं.

“आज सांगणार आहेस की मी सांगू?”

“काय सांगू? आई, आम्ही ठमीला घेऊन चाललोय आणि तू इथे राहा, असं?”

“हो. अगदी असंच.”

“दोन महिने आहेत अजून.” तो भिंतीला टेकला. “मी म्हणतो, तिथे बस्तान बसलं की बोलवू तुला, असं सांगू.”

“बोलावणार आहेस?”

त्यानं मान खाजवली. मग म्हणाला, “बघू. दोन खोल्यांत कुठे... बघू.”

तेवढ्यात माझी नजर खाली गेली. मधला पडदा जमिनीपर्यंत नव्हता. पलीकडच्या कप्प्यात दोन पाय उभे होते. तपकिरी चपला, डाव्या चपलेच्या पट्ट्याला काळ्या दोऱ्यानं घातलेले टाके. ते टाके मीच घातले होते. शेजारी फरशीवर एक पिवळा एवढासा मोजा पडला. वरून एक हात आला, मोजा उचलला आणि वर गेला. पाय मात्र जागचे हलले नाहीत.

मी नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला आणि त्याला बोटानं खाली दाखवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाय गेले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सासूबाई त्याच बाकावर होत्या. ठमीचा लंगोट बदललेला होता, दोन्ही मोजे पायांत होते.

“मिळालं पाणी?” त्यांनी विचारलं.

“मिळालं,” नवरा म्हणाला. बाटली माझ्या हातात होती, रिकामी ठणठणीत. त्यांनी बाटलीकडे बघितलं.

“ऐकलं नसेल तिनं,” मागे पडून हा मला म्हणाला. “ते हात वाळवायचं यंत्र केवढं भणभणत होतं.” यंत्र भणभणत नव्हतं. पण खात्री मलाही नव्हती, आणि सासूबाई ताकास तूर लागू देत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी ठमीला माझ्या हातात दिलं. “घे,” म्हणाल्या, बस. ना टोपी नीट केली, ना मोजे ओढले. आणि त्यानंतर परत घेतलंच नाही.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग थोड्या वेळानं मी खडा टाकून बघितला. “आई, हात भरून आले हो माझे. घेता जरा?”

“गाडीत ठेव की.”

गाडीत. सकाळपासून ज्या गाडीच्या चाकांवर, पट्ट्यावर, छपरावर त्यांनी संशय घेतला त्या गाडीत. मी ठेवलं. ठमीनं छताकडे बघितलं, मग आजीकडे बघून दोन्ही हात वर केले. सासूबाईंनी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि समोरच्या कारंज्याकडे बघत चालत राहिल्या.

अस्वल पुन्हा आलं. गाडीवर वाकलं, ठमीच्या पोटाला पंजा लावला. सासूबाई बाजूला उभ्या, हूं नाही की चूं नाही. अस्वलच घाबरून त्यांच्याकडे बघायला लागलं.

“बघ, आई कशी रमलीय,” नवरा म्हणाला. या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला दिसत होतं की कुठेतरी पाणी मुरतंय, पण नेमकं कुठे ते कळत नव्हतं. आमच्यावर राग असेल, समजू शकते. पण मग तो आमच्यावर काढा, पोरीवर कशाला? की आता ‘तुमची मुलगी, तुम्ही सांभाळा’ म्हणून धडा शिकवणं चाललंय? की जाण्याच्या आधी मला एकटीनं पोर सांभाळता येत नाही हे लोकांना दाखवायचंय? मनात एकेक भलतंसलतं येत होतं. संशय हा रोग लागणीचा आहे, एका घरात राहून मलाही लागला.

लाकडी घोड्यांच्या चक्राशी आलो तेव्हा सासूबाई थांबल्या. “मी बसते यात.”

“तुम्ही?” माझा आ वासला. सकाळी याच चक्राचे खिळे त्यांनी वाकून बघितले होते.

“का? मोठ्या माणसांना मनाई आहे का?”

त्या एकट्याच आत गेल्या आणि एका पांढऱ्या घोड्यावर बसल्या, पिशवी मांडीवर, पाठ ताठ. चक्र सुरू झालं. बाकीची माणसं फेरी जवळ आली की आपल्या लोकांना हात करत होती. आमच्या सासूबाई वर-खाली होत समोरून जात होत्या आणि एकदाही आमच्याकडे बघत नव्हत्या. ठमी त्यांना बघून गाडीत उसळत होती, घोडा लांब गेला की रडत होती, जवळ आला की गप्प होत होती. शेवटी तिनं असा काही टाहो फोडला की लोक वळून बघायला लागले. बाटली घेईना, मला घेईना, बापाला तर नाहीच.

सासूबाई उतरून आल्या आणि आमच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. ठमी माझ्या खांद्यावर लालेलाल झाली होती. त्या गडबडीत नवऱ्याला कुठून अवसान आलं कुणास ठाऊक. तो आईसमोर उकिडवा बसला.

“आई, एक सांगायचं होतं.”

“सांग.”

त्यानं सांगितलं. उलटसुलट, अडखळत, आधी पगार, मग घर, मग कागदपत्रं, मग दोन महिने. सासूबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, “पण बस्तान बसलं ना, की लगेच तुला बोलवणार. नक्की.”

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. “खरं सांगतोयस?”

हा प्रश्न त्या आम्हा सगळ्यांना विचारतात, मला, नळवाल्याला, डॉक्टरला. मुलाला त्यांनी तो कधीच विचारला नव्हता. नवरा बुटाच्या नाडीशी खेळत बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “बरं,” म्हणाल्या. “रडू नकोस. नोकरी चांगली आहे.”

मला ते सहन होईना. रडतोय कोण आणि समजावतंय कोण. ठमी कानाशी किंचाळत होती, आणि माझं डोकं फिरलं.

“आई, तुम्ही तिथे सगळं ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग बोला आम्हाला. शिव्या द्या. पोरीवर कशाला राग काढताय? दुपारपासून तिला हात लावला नाहीत. तिनं काय केलंय?”

“राग?” त्यांनी खरोखरच नवल वाटल्यासारखं विचारलं. “तिच्यावर कशाला राग धरू मी?”

“मग घेत का नाही? बघा ना कशी रडतेय. तिला तुमची सवय आहे, माहीत आहे ना तुम्हाला?”

“तिची सवय मोडेल गं चार दिवसांत. तान्हं पोर आहे, माझा चेहरासुद्धा राहायचा नाही तिच्या लक्षात. बरंच आहे ते.” पिशवीवर त्यांचे दोन्ही हात घट्ट होते, बोटं पांढरी पडली होती. “मी माझी मोडून बघत होते. दुपारभर बघितलं.”

त्यांनी पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली.

“नाही जमत,” त्या म्हणाल्या. “दे तिला इकडे.”